नागपुरातून ऑटोक्रॉसची सुरुवात: आधी मार्शल, मग ड्रायव्हर

प्रश्न असा आला आहे: "काका, मी नरेंद्रनगरला राहतो, मिहानमध्ये नोकरी करतो. घरी बाबांची २०१४ची पेट्रोल स्विफ्ट आहे. व्हिडिओ बघून बघून ऑटोक्रॉसची ओढ लागली आहे. आपल्या नागपुरात अशा स्पर्धा कुठे होतात, नवख्याला घेतात का, आणि त्याआधी गाडीत काय काय बदलून घ्यावं?"

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण पोरांचे सगळ्यात जास्त पैसे तिथेच वाया जातात. गाडीत आत्ता काहीही बदलू नकोस. सायलेन्सर नको, मोठे अलॉय नकोत, स्प्रिंगा कापून गाडी खाली बसवणं तर अजिबात नको. स्विफ्ट आहे तशी चांगली आहे. तू आधी मैदानावर ये, आणि पहिल्या वेळी गाडी पार्किंगमध्ये लावून हातात झेंडा घे. मी बरीच वर्षं गाडी पळवली आणि आता स्क्रुटिनीच्या टेबलावर बसतो, म्हणजे स्पर्धेआधी गाड्या तपासतो. तिथून बघून सांगतो की नागपुरात टिकलेले जवळजवळ सगळे ड्रायव्हर आधी मार्शल म्हणून, म्हणजे वळणावर झेंडा घेऊन लक्ष ठेवणारा माणूस म्हणून, आलेले आहेत.

आधी तू पाहिलेल्या व्हिडिओंबद्दल. अमेरिकेतला ऑटोक्रॉस मोठ्या पार्किंगच्या डांबरावर होतो. नारिंगी कोन मांडतात, एकेक गाडी सोडतात, कोन पाडला की वेळेत दोन सेकंद जमा. आपल्याकडे नावही तेच आणि घड्याळही तेच, पण खाली बहुतेक वेळा माती असते. मुरमाचं किंवा कडक मातीचं मोकळं मैदान, चुन्याच्या रेषा, जुन्या टायरांचे ढीग, काही कोन, आणि त्यातून वळत जाणारा किलोमीटरभराच्या आसपासचा रस्ता. मातीवर गाडी घसरत वळते, ब्रेक उशिरा लागतो, आणि पहिल्या गाडीला मिळालेला रस्ता विसाव्या गाडीला मिळत नाही. डांबरावरचं पाहून केलेली तयारी इथे निम्मीच कामाला येते.

माझ्या वडिलांना मी हे पहिल्यांदा समजावत होतो तेव्हा त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मंग हा शंकरपटच झाला न बापा, बैलाच्या जागी गाडी." यापेक्षा चांगली व्याख्या मी नंतर ऐकली नाही. आपल्या विदर्भाच्या पटात जोडी घड्याळावर पळते, सेकंदाच्या तुकड्यांवर नंबर लागतो, आणि धुरकऱ्याचं कसब जोडी सरळ ठेवण्यात असतं. ऑटोक्रॉसमध्येही शेजारच्याला धक्का मारून पुढे जायचं नसतं. तू, गाडी आणि घड्याळ. घरी समजावताना तूही हेच सांग. 'रेसिंग' म्हटलं की आईबाबांच्या डोळ्यांसमोर वेगळंच काहीतरी येतं.

आता कुठे होतात. नागपूरच्या बाबतीत 'कुठे' विचारून फार हाती लागत नाही, 'कोण' आणि 'कधी' विचारावं लागतं. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईला ट्रॅक आहे, कोइंबतूरला कारी मोटर स्पीडवे आहे, ग्रेटर नोएडाला २०११ पासून बुद्ध सर्किट आहे. आपल्याकडे असा कायमचा ट्रॅक धरून बसायची सोय नाही. आपल्याकडे ऑटोक्रॉस होतो तो एखाद्या क्लबच्या पाच-सहा माणसांनी जागेचा मालक राजी केला, परवानग्या काढल्या, जेसीबी आणि पाण्याचा टँकर लावला आणि रविवार ठरवला तर. यंदा जिथे झाला तिथे पुढच्या वर्षी लेआउट पडलेला असतो आणि प्लॉटच्या खुंट्या ठोकलेल्या असतात. म्हणून जागेचा शोध घेऊ नकोस, त्या पाच-सहा माणसांचा घे.

जागा कशा निवडतात तेही माहीत असू दे, त्यावरून मोसम कळतो. शहराच्या पश्चिमेला, हिंगणा-काटोल रोडच्या अंगाला खाली बसाल्टचा खडक आहे. तो झिजून मुरूम होतो, आणि मुरूम पाणी धरत नाही. काळ्या मातीचं तसं नाही. तिथे सप्टेंबरात गाडी घातलीस तर चाकाला चिखलाचे लाडू बसतात, आणि उन्हाळ्यात तिलाच बोट जाईल एवढ्या भेगा पडतात. त्यामुळे आपला मोसम साधारण दिवाळीच्या सुमाराला सुरू होतो आणि फेब्रुवारीपर्यंत चालतो. मार्चमध्ये झालीच एखादी स्पर्धा तर सकाळी लवकर. एप्रिल-मेच्या पंचेचाळीस अंशांत मैदानावर उभं राहणाऱ्या मार्शलचे हाल होतात, आणि शहाणा आयोजक तेव्हा तारीख घेत नाही.

तारखांसाठी पहिली जागा एफएमएससीआयचं कॅलेंडर. देशातल्या मोटरस्पोर्टची ही मान्यताप्राप्त संघटना आहे, मुख्यालय चेन्नईला. तिच्या संकेतस्थळावर रॅली, रेसिंग, कार्टिंग, ऑटोक्रॉस, टीएसडी (ही काय ते पुढे सांगतो) अशा सगळ्या मंजूर स्पर्धांच्या तारखा येतात. नवखे काय करतात, तर तिथे 'नागपूर' शोधतात, सापडलं नाही की बंद करतात. तसं करू नकोस. प्रत्येक ओळीत आयोजक क्लबचं नाव असतं, ते वाच. महाराष्ट्र, मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणातले क्लब वेगळे लिहून काढ, आणि त्यांना विचार की विदर्भातून तुमच्याकडे कोण येतं. गाड्या घेऊन फिरणारी मंडळी मोजकी असतात आणि एकमेकांना ओळखतात. इंदूर किंवा पुण्याच्या क्लबातल्या एका माणसाने तुला नागपुरातल्या दोन माणसांची नावं दिली की तुझं निम्मं काम झालं.

दुसरी जागा गॅरेज. कंपनीचं सर्व्हिस सेंटर नाही, आपलं साधं गॅरेज, जिथे एखादी जुनी एस्टीम किंवा जिप्सी कोपऱ्यात उभी असते आणि मालक ती विकत नाही. आपल्याकडच्या मातीवर या गाड्यांनी कित्येक वर्षं राज्य केलं: हलक्या, १.३ लिटरच्या, आणि कुठेही दुरुस्त होणाऱ्या. अशा मिस्त्रीला कोणती स्पर्धा कधी आहे ते बरेचदा क्लबच्या जाहिरातीआधी माहीत असतं, कारण लोक महिनाभर आधी त्याच्याकडे गाड्या आणून टाकतात. तिथे जाऊन नुसतं विचारू नकोस, ऑइल बदलायला गाडी दे आणि तासभर बस. माझ्या मिस्त्रीचं एक वाक्य मला अजून उपयोगी पडतं: "गार्ड लावून घे भाऊ, गोटा लागला तं चेंबर फुटून जाईन." चेंबर म्हणजे इंजिनखालचं ऑइलचं भांडं, गार्ड म्हणजे त्याच्या खाली लावायचा संरक्षक पत्रा. मी तेव्हा ऐकलं नाही आणि त्याच हिवाळ्यात टो करून परत आलो.

तिसरी जागा इंजिनिअरिंगची पोरं. नागपुरातल्या कॉलेजांतून बाजा एसएईइंडियाला, म्हणजे विद्यार्थ्यांनी स्वतः बनवलेल्या खडबडीत रस्त्याच्या गाड्यांच्या स्पर्धेला, टीम जातात. ती स्पर्धा कित्येक वर्षं इंदूरजवळच्या पिथमपूरला, नॅट्रॅक्स या वाहन-चाचणी केंद्राच्या आवारात होत आली आहे. कोइंबतूरच्या फॉर्म्युला भारत या विद्यार्थ्यांच्याच रेसिंग गाड्यांच्या स्पर्धेत तर ऑटोक्रॉस नावाची वेगळी फेरीच असते, एक गाडी, एक चक्कर, घड्याळ. या पोट्ट्यांना आपली गाडी चालवून बघायला जागा लागते, म्हणून शहराभोवतीची मोकळी मैदानं, त्यांचे मालक आणि परवानगीच्या अडचणी त्यांना पाठ असतात. तुझ्या ऑफिसात गेल्या दोन-तीन वर्षांत पास झालेला असा एखादा नक्की सापडेल. फोर बाय फोरवाल्यांचे ग्रुपही आहेत. ते रविवारी चिखलात जातात, ऑटोक्रॉस हा त्यांचा मूळ धंदा नाही, पण टो करायला त्यांच्याच गाड्या येतात.

आता मार्शलचं काम. यावर मी जास्त लिहिणार आहे.

कोणत्याही आयोजकाला ड्रायव्हर मिळतात, मार्शल मिळत नाहीत. तू फोन करून "मला गाडी चालवायची आहे" म्हणालास तर तो एंट्री फॉर्म पाठवेल. "मी दिवसभर मार्शल म्हणून उभा राहतो, मला शिकवा" म्हणालास तर तो तुझा नंबर जपून ठेवेल आणि पुढच्या स्पर्धेला स्वतः फोन करेल. नागपुरासारख्या ठिकाणी, जिथे वर्षात मोजून स्पर्धा होतात, तिथे हा फोन येणं म्हणजेच स्पर्धा सापडणं.

सकाळी साडेसहाला ब्रीफिंग असतं. तुला एक पोस्ट देतात, समज चार नंबर. तुझ्या हाती लाल झेंडा, पिवळा झेंडा, शिटी, आणि नशीब असेल तर वॉकी-टॉकी. तुझ्या ताब्यात सहा कोन आणि टायरांचे दोन ढीग. प्रत्येक कोनाभोवती चुन्याचं कडं काढलेलं असतं. कोन हलला पण कड्यात उभा राहिला तर चालतं. पडला किंवा कड्याबाहेर सरकला तर तू वॉकीवर सांगतोस, "पोस्ट चार, गाडी सतरा, एक कोन", आणि वर टायमिंगच्या टेबलावर त्या ड्रायव्हरच्या वेळेत दंडाचे सेकंद जमा होतात. मग धूळ बसायच्या आत पळत जाऊन कोन नेमका कड्यात उभा करायचा, आणि परत येऊन हात वर करायचा. तुझा हात वर दिसला नाही तर स्टार्टवाला पुढची गाडी सोडत नाही.

पहिल्या तासात तुला फक्त आवाज आणि धूळ दिसेल. दहाच्या सुमाराला कान उघडतात. एक ड्रायव्हर वळणाच्या आधी बराच वेळ पाय उचलतो आणि मग घाबरत घाबरत आत शिरतो, दुसरा उशिरा ब्रेक मारून पुढची चाकं लॉक करतो आणि सरळ कोनावर जातो, आणि तिसरा एकदाच ब्रेक लावतो, गाडी वळवतो आणि बाहेर पडताना हळूहळू पाय दाबत नेतो. तिसऱ्याचा आवाज सगळ्यात कमी असतो आणि वेळ सगळ्यात चांगली असते. मी पोस्टवर उभा असताना एका मारुती ८०० वाल्याने त्याच्या दुप्पट ताकदीच्या गाडीला मागे टाकलेलं पाहिलं आहे. त्या दिवशी त्याने एकही कोन पाडला नव्हता आणि एकदाही चाक फिरवत माती उडवली नव्हती. हे सीटवर बसून कळत नाही, पोस्टवर उभं राहून कळतं.

आणि मार्शलचं काम शोभेचं नाही. २०१९ साली राजस्थानात राष्ट्रीय रॅली अजिंक्यपदाच्या फेरीत बंद केलेल्या रस्त्यावर एक दुचाकी आली आणि एकाच कुटुंबातल्या तिघांचा जीव गेला. आपल्या मैदानांनाही कुंपण नसतं. गुराखी येतो, पतंगामागे मूल धावतं, शॉर्टकट म्हणून कोणीतरी मोपेड घालतं. तेव्हा लाल झेंडा तुझ्या हातात असतो. ज्याने एकदा तो झेंडा धरला आहे तो पुढे स्वतः गाडी चालवताना लाल दिसल्यावर कधीच "एवढं वळण घेतो आणि थांबतो" असं करत नाही.

यातूनच खरी स्पर्धा आणि नुसता तमाशा यांतला फरक कळायला लागतो. नावात ऑटोक्रॉस असलेलं सगळं ऑटोक्रॉस नसतं. अगदी सुरुवातीला मी एका ठिकाणी एंट्री भरली होती, नाव सांगत नाही. बॅनर झकास, डीजे लावलेला, आणि प्रेक्षक वळणाच्या बाहेरच्या बाजूला, म्हणजे गाडी घसरली तर जिथे येईल नेमकं तिथे उभे. अँब्युलन्स कुठे आहे विचारलं तर "बोलावली आहे, येऊन राहिली" म्हणाले. दुपारपर्यंत आली नाही. मी पैसे सोडले, गाडी काढली आणि घरी आलो. तूही असंच कर. एंट्री भरण्याआधी विचार: एफएमएससीआयचा परमिट आहे का, नियमावली, म्हणजे सप्लिमेंटरी रेग्युलेशन्स, कधी मिळेल, क्लार्क ऑफ द कोर्स, म्हणजे स्पर्धा चालवणारा मुख्य अधिकारी, कोण आहे, अँब्युलन्स आणि डॉक्टर जागेवर असणार का, स्क्रुटिनी होणार का, प्रेक्षक कुठे उभे राहणार. चांगला आयोजक या प्रश्नांनी खूश होतो. जो चिडतो त्याच्याकडे जायचं नाही.

लेआउटमधल्या रात्रीच्या 'प्रॅक्टिस'लाही जाऊ नकोस. तुला बोलावणं येईल, कारण बेसा असो की वर्धा रोडची बाजू, रिकाम्या लेआउटमध्ये रुंद रस्ते तयार असतात आणि घरं नसतात. मोटार वाहन कायद्याच्या दृष्टीने लोकांना जायचा हक्क असलेली कोणतीही जागा सार्वजनिक असते, आणि तिथे परवानगीशिवाय शर्यत किंवा वेगाची चाचणी केली तर कलम १८९ लागतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, दुसऱ्यांदा एक वर्षापर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. शिक्षेपेक्षा मला त्या वळणावर टॉर्च घेऊन कुत्रं फिरवायला निघालेल्या माणसाची जास्त काळजी वाटते.

आता बाबांच्या गाडीबद्दल, इथे मी जरा कडक बोलणार आहे. गाडी त्यांच्या नावावर आहे, तेव्हा त्यांना सांगितल्याशिवाय एंट्री भरायची नाही. आणि सांगताना विम्याची गोष्ट लपवायची नाही. घरातली पॉलिसी काढ आणि 'वापराच्या मर्यादा' हा भाग वाच. आपल्याकडच्या खासगी गाडीच्या पॉलिसीत तिथे छापलेलं असतं की आयोजित शर्यत, पेस मेकिंग (पुढे राहून इतरांना वेग ठरवून देणं), वेगाची चाचणी आणि रिलायबिलिटी ट्रायल (गाडीच्या भरवशाची चाचणी) यांसाठी गाडी वापरली तर संरक्षण नाही. म्हणजे मैदानावर टायरांच्या ढिगाला बंपर लागला तर तो खर्च तुझा. आयोजकाचा जो विमा असतो तो माणसांसाठी असतो, तुझ्या बंपरसाठी नसतो. म्हणून पहिल्या एंट्रीच्या आधी एका बंपरचे, एका खालच्या आर्मचे आणि एका टायरचे पैसे बाजूला ठेव. लागतीलच असं नाही, पण ते नसताना गाडी मैदानात घालू नये.

माझं मत विचारशील तर पहिला हंगाम पूर्ण मार्शल म्हणून काढ, आणि बाबांना एकदा मैदानावर घेऊन ये. घरी बसून जो माणूस "नाही" म्हणतो तो स्क्रुटिनीच्या रांगेत हेल्मेट घातलेल्या ड्रायव्हरांचे सीटबेल्ट ओढून बघणारा माणूस पाहिला की वेगळं बोलतो.

गाडीच्या तयारीचं थोडक्यात. तुझी स्विफ्ट ११९७ सीसीची. गट इंजिनच्या आकाराप्रमाणे पाडतात आणि बऱ्याच ठिकाणी नवख्यांसाठी, महिलांसाठी वेगळा गट असतो, तेव्हा तुला तुझ्यासारख्यांतच जागा मिळेल. गाडी साधी असली तरी धडधाकट हवी. टायरॉड एंड, लिंक रॉड, व्हील बेअरिंग यांत खेळ नको, शॉकअप गळका नको, ब्रेक पॅड निम्म्याहून जास्त शिल्लक हवेत, बॅटरी क्लॅम्पने घट्ट बसलेली हवी. पुढे-मागे टोइंग हुक लावता येतो का ते घरीच बघ, कारण स्विफ्टचा पुढचा हुक टूलकिटमधला असतो आणि सेकंडहँड गाडीत तो बहुतेक वेळा हरवलेला असतो. इंजिनखाली चेंबर गार्ड. मी मघाशी काहीही बदलू नकोस म्हणालो, त्याला हा एकच अपवाद.

स्क्रुटिनीत मी सगळ्यात जास्त वेळा गाडी परत पाठवतो ती पायातल्या मॅटसाठी. सैल रबरी मॅट पहिल्या जोरदार ब्रेकला पुढे सरकते आणि अ‍ॅक्सिलरेटरच्या खाली किंवा वर जाऊन बसते. एकदा एका मुलाच्या गाडीत मी हात घातला तर मॅटची कड पेडलच्या मागे दुमडून बसलेली होती. तो घरून मैदानापर्यंत तशीच गाडी चालवत आला होता आणि त्याला पत्ता नव्हता. मॅट काढ, स्टेपनी, जॅक, पाण्याच्या बाटल्या, डॅशबोर्डवरचा गणपती, सीटखालची छत्री, सगळं काढून पार्किंगमध्ये प्लास्टिकच्या टबात ठेव. गणपतीला टबात ठेवायला जीवावर येतं, म्हणून मी माझा घरीच ठेवून निघतो.

अंगावर पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट, फुल पँट, पातळ तळव्याचे बूट. हेल्मेट पूर्ण चेहरा झाकणारं हवं. कोणत्या मानकाचं आणि कोणतं लायसन्स लागेल हे नियमावलीत असतं, ते आधी वाचून मगच विकत घे. एफएमएससीआयच्या स्पर्धा-लायसन्ससाठी गाडी चालवायचा परवाना, रक्तगट आणि डॉक्टरचं फिटनेस सर्टिफिकेट तयार ठेव.

पहिल्या दिवशी ट्रॅक पायी फिरायला देतात. पोरं मोबाइलवर बोलत एक फेरी मारतात आणि चहाला जातात. तू तीन फेऱ्या मार. पहिल्या फेरीत फक्त रस्ता पाठ कर, कारण नवख्याची वेळ वेगामुळे जात नाही, कोनाच्या चुकीच्या बाजूने गेल्यामुळे जाते, आणि मग ती फेरीच बाद होते. दुसऱ्या फेरीत खाली बघत चाल: मुरूम कुठे घट्ट आहे, कुठे भुसभुशीत, टँकरने कुठे जास्त पाणी मारलं आहे. तिसऱ्या फेरीत प्रत्येक वळणाच्या तोंडाशी उभं राहून, गुडघे वाकवून, सीटच्या उंचीवर डोळे आणून बघ. चालताना जो कोन सहज दिसतो तो गाडीतून टायरांच्या ढिगामागे लपतो.

तुझा नंबर लागेपर्यंत चाकोरी पडलेली असते. आपण मराठीत रोज 'चाकोरी' म्हणतो, ती खरी इथे दिसते: आधीच्या गाड्यांनी वळणावर वितभर खोल केलेली रेघ, आणि तिच्या बाहेर सैल खड्यांचा ढीग. नवख्याने चाकोरीतच राहावं. ती गाडीला धरून ठेवते. फक्त आत शिरताना स्टिअरिंग शांत ठेव, अंगठे स्टिअरिंगच्या आत अडकवू नकोस, कारण चाक चाकोरीच्या काठाला लागलं की स्टिअरिंग झटका देतं. दुसऱ्या गिअरवर टाक आणि तिथेच राहा. समृद्धीवर १२० ने नागपूरहून शिर्डीला गेलेला माणूस सांगतो की मला वेगाची सवय आहे. ती सवय इथे कामाची नाही. इथे काटा फार वेळा ६० च्या वर जात नाही, पण त्या एका मिनिटात तू जितक्या वेळा ब्रेक, स्टिअरिंग आणि पाय यांचा मेळ घालशील तितका समृद्धीच्या ७०१ किलोमीटरमध्ये घालत नाहीस.

पहिली फेरी मुद्दाम साठ-सत्तर टक्के जोरावर काढ. एकही कोन नाही, रस्ता बरोबर, वेळ कितीही येवो. दुसऱ्या फेरीत फक्त एक गोष्ट बदल, उदाहरणार्थ ब्रेक जरा आधी आणि पाय जरा लवकर. उतरल्यावर एअर फिल्टर काढून झटक, आतून पावडरसारखी लाल धूळ निघेल, आणि चाकांचे नट पुन्हा घट्ट कर.

मधल्या काळात, नागपुरात तारीख नसताना काय करायचं? टीएसडी रॅली बघ. टीएसडी म्हणजे वेळ, वेग, अंतर: उघड्या रस्त्यावर, वाहतुकीचे नियम पाळून, ठरलेल्या सरासरी वेगाने रोडबुकप्रमाणे, म्हणजे मार्ग लिहून दिलेल्या वहीप्रमाणे, जायचं. लवकर पोचलास तरी दंड, उशीर केलास तरी दंड. साध्या गाडीत, एका जोडीदारासोबत होते, आणि क्लबची तीच माणसं तिथेही भेटतात. मात्र विम्यातला तो रिलायबिलिटी ट्रायल शब्द लक्षात ठेव आणि आयोजकाला त्याबद्दल विचार. दुसरं, कार्टिंग. कोल्हापूरला मोहिते रेसिंगचा चांगला ट्रॅक आहे आणि नागपूरहून महाराष्ट्र एक्स्प्रेस थेट कोल्हापूरला जाते. प्रवास लांबलचक आहे, पण दोन दिवस कार्टवर घालवलेस की वळणातून नजर पुढे ठेवायची सवय लागते, जी स्वतःच्या गाडीत लागायला वर्ष जातं. बाहेरगावचा ऑटोक्रॉस बघायचा तर रायपूर सगळ्यात जवळ, इंदूर आणि हैदराबाद एका रात्रीच्या अंतरावर. स्वतःची गाडी घेऊन जाऊ नकोस, पाहुणा मार्शल म्हणून जा. राहायची सोय बहुतेक क्लब आनंदाने करतात.

या दिवाळीआधी दोन कामं उरक: कॅलेंडरमधून क्लबांची यादी आणि एका गॅरेजात ऑइल बदलणं. पोस्टवर येताना टोपी, गॉगल, नाकाला बांधायला सुती पंचा, दोन लिटर पाणी आणि घरचा डबा आण. तर्रीपोहे सकाळीच संपतात. आणि बाबांना आणशील तेव्हा त्यांना स्टार्टजवळ उभं करू नकोस. तिथे नुसता आवाज आणि धूर असतो, त्यांच्या पोटात गोळा येईल. फिनिशच्या पुढे, दोरीच्या मागे खुर्ची टाकून दे. तिथे गाड्या येतात, वेग कमी करतात आणि थांबतात. थांबलेली गाडी आणि हेल्मेट काढून हसणारं पोरगं त्यांना चार-पाच वेळा दिसू दे, मग गाडीचा विषय काढ.